दारापुढची मोकळी जागा

शेखर खैरनार यांना "मला ठाऊक नाही" एवढं एक वाक्य म्हणता येत नसे. बाकी वाचा उत्तम होती. पाटबंधारे खात्यात ते वरिष्ठ लिपिक होते, गणपतीत सोसायटीच्या स्टेजवरून आभारप्रदर्शन तेच करत. पण कुणी काही विचारलं आणि ते माहीत नसलं, की त्यांची मान आपोआप डोलायला लागे. चेहऱ्यावर असा भाव येई, की हे काय विचारणं झालं, एवढं तर आमच्या सटाण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यांचं लग्नसुद्धा या सवयीवर जमलं होतं. मुलगी बघायला मखमलाबादला गेले, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी गुलाबाच्या कलमांविषयी तासभर सांगितलं आणि खैरनार तासभर डोलत राहिले. पोराला मळ्यातलं कळतं, असं सासऱ्यांचं मत झालं आणि ते त्या मतावरच समाधानाने वारले.

या सवयीने कुणाचं काही बिघडलं नसतं. पण प्रतिभाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ताटे गल्लीतलं घर घ्यायचं मनात आणलं.

आता ताटे गल्ली म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. नाशकात "आम्ही गावात राहतो" असं म्हणण्याला एक वेगळं वजन आहे. कॉलेज रोडला पैसेवाले राहतात, गंगापूर रोडला मोकळ्या हवेचे शौकीन राहतात, पण खानदानी माणसं गावात राहतात, निदान गावातल्या माणसांचं तसं म्हणणं आहे. ताटे गल्ली तर गावातलीही निवडक. ओळीने दगडी दुमजली घरं, सागवानी दारं, खिडक्यांना रंगीत काचा आणि प्रत्येक दारावर पितळी पाटी. पाटीवरचे गृहस्थ बहुधा वारलेले असत, पण पाटी दर दसऱ्याला चिंचेने घासून लख्ख होई. वकील, डॉक्टर, सराफ अशी वस्ती. इथलं घर विकायला निघालं, तर बाहेर कळायच्या आत विकलं जाई.

प्रतिभाला मात्र ते आतून कळलं, म्हणजे पायरीवरून. तिची आई बयाबाई मखमलाबादहून फुलांची पाटी घेऊन गावात यायची आणि ताटे गल्लीत घरोघर देवपूजेची फुलं द्यायची. शाळेला सुट्टी असली की प्रतिभा तिच्याबरोबर असे. शेवटचं घर सुलाबाई ताट्यांचं. तिथे पायरीवर दोघी जरा टेकायच्या, आतून पाण्याचा तांब्या यायचा, कधी चहा यायचा. अर्ध्या उघड्या दारातून आतला झोपाळा दिसायचा. पितळी कड्यांचा, मंद हलणारा. पुढे प्रतिभा शिकली, शिक्षिका झाली, सिडकोतल्या फ्लॅटमध्ये तिचा संसार लागला, सायली झाली, तिची दहावी आली, पण तो झोपाळा काही डोक्यातून जाईना. सुलाबाई घर विकून मुलीकडे इंदूरला चालल्यात, ही बातमी बयाबाईनेच आणली. तिने आपली भाजीच्या भावासारखी सांगितली. प्रतिभाने लाटणं खाली ठेवलं.

"अहो, ते घर आपण घ्यायचं," ती म्हणाली. "मला आईला एकदा त्या झोपाळ्यावर बसवायचंय."

खैरनारांनी ऑफिसात विषय काढला आणि सल्ल्यांचा पाट फुटला. "लोक गावातून बाहेर पडतायत आणि तुम्ही आत चाललात?" "जुन्या घरात घुशी असतात." "घुशी परवडल्या हो, शेजारी पक्के असतात." शेवटी हेडक्लार्कने वर्मावर बोट ठेवलं. "घर घ्याल, पण गाडी कुठे लावाल?" हा प्रश्न खैरनारांच्या काळजाला भिडला. त्यांनी नुकतीच एक जुनी मारुती घेतली होती. ती वापरण्यापेक्षा पुसण्यात त्यांचा जास्त वेळ जाई आणि तिच्यावर झाडाचं पान पडलेलं त्यांना खपत नसे. गावात घर घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि ते प्रतिभाला समजावण्यापुरतं घर बघायला गेले.

तिथे त्यांनी पाहिलं, की अख्ख्या गल्लीत एकट्या ताट्यांच्या दारापुढे मोकळी जागा आहे. चांगली चौरस, सपाट, मातीची. मारुती ऐसपैस मावेल अशी. प्रतिभा आतल्या झोपाळ्याकडे बघत होती, खैरनार बाहेरच्या मातीकडे बघत होते आणि दोघांच्याही डोळ्यांत एकाच वेळी पाणी यायचं राहिलं. संसारात नवराबायकोचं एकमत होतं ते बरेचदा असंच होतं.

सुलाबाईंनी चहा केला आणि मुलाखत घेतली. बाई वयस्कर, पण ताठ. प्रतिभाला त्यांनी लगेच ओळखलं.

"तू पायरीवर बसून पाढे म्हणायचीस. सत्तावीसच्या पाढ्याला अडायचीस."

"अजून अडते," प्रतिभा म्हणाली.

मग त्या खैरनारांकडे वळल्या. "इथल्या रीती तुम्हाला ठाऊक असतीलच." खैरनारांची मान डोलली. "होळी झाली की रंगपंचमीपर्यंत या घराला उसंत नसते हो. सगळी गल्ली आपल्या दारात." मान डोलली. म्हातारीला माणसांची हौस दिसते, असं ते मनात म्हणाले. "आणि तुम्हाला पोहता येतं ना?"

हा प्रश्न त्यांना जरा चमत्कारिक वाटला. पण गोदेला पूर आला की गावात पाणी चढतं, हे ते जाणून होते. तेव्हा बाई धोरणी आहेत, असा त्यांनी अर्थ लावला. खरी गोष्ट अशी होती, की गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांना गरगरायचं. लहानपणी सटाण्याला चुलत्याने पोहायला शिकवतो म्हणून विहिरीत ढकललं होतं. तेव्हापासून पाण्याशी त्यांचा संबंध राहिला तो फाइलीपुरता.

"माझी नोकरीच पाण्यातली आहे," खैरनार म्हणाले.

सुलाबाईंचा चेहरा उजळला. "मग काळजी मिटली. एक बिल्डर रोज खेपा घालतोय, जास्त देतो म्हणतोय. पण त्याला घर पाडायचंय. तुम्ही राहाल."

अशा रीतीने सौदा ठरला. पुढे नोंदणीसाठी ज्या कचेरीत जावं लागलं तिचं नाव सांगत नाही, कारण अजून तिथे कामं पडायची आहेत. तिथल्या कारकुनाने कागद पाहून सांगितलं, की घराच्या पूर्वेस गोठा आहे. खैरनार म्हणाले, पूर्वेस सराफाचं घर आहे. कारकून म्हणाला, कागदावर गोठा आहे, आणि गोठा गेल्याचा दाखला आणल्याशिवाय मला सराफ दिसू शकत नाही. नसलेल्या गोठ्याचा दाखला देईल असं खातं खैरनारांना सापडेना. अखेर ते शेजारचे सराफ, ललितशेठ कुलथे, स्वतः कचेरीत आले. गळ्यात सोन्याची साखळी, अंगात पांढरा सफारी. कारकुनापुढे उभे राहून म्हणाले, "भाऊ, तो गोठा म्हणजे मीच." खैरनारांशी तोवर त्यांची धड ओळखही नव्हती. नव्या शेजाऱ्यासाठी माणूस आपण गोठा असल्याचं लिहून देतो, हे पाहून खैरनारांना भरून आलं. सिडकोत वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाडकरू कुंडीचं पाणी गळतंय हे कबूल करत नसत.

राहायला गेल्यावर सल्ल्यांना ऊत आला. समोर दातार वकील राहत. वय झालेलं, वकिली सुटलेली, सल्ला सुटला नव्हता. नळाला पाणी केव्हा येतं, दूध कुणाकडून घ्यावं, कुठल्या खोलीत कुठे डोकं करून झोपावं, दक्षिणेची खिडकी कधी उघडू नये, असं सगळं त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांच्या पत्नी अक्काबाईंनी लोणच्याची बरणी आणून दिली आणि बरणीबरोबर सायलीच्या अभ्यासाविषयी चार गोष्टी सांगितल्या. प्रत्येक गोष्टीला खैरनारांनी मान डोलावली. "पुढच्या जागेचं तर तुम्हाला सांगायलाच नको," वकील म्हणाले. "छे छे, सांगायला नको," खैरनार म्हणाले. ललितशेठ म्हणाले, "तुम्ही पाटबंधाऱ्यात इंजिनिअर ना?" खैरनार खरं म्हणजे नाही म्हणणार होते, पण मान आधी डोलून गेली.

एवढ्या आनंदात एकच गोष्ट जमली नव्हती. वास्तुशांतीला बयाबाई झेंडूची तोरणं घेऊन आली, दाराला स्वतः बांधली आणि पायरीवर बसली. आत येईना.

"आई, आता आपलं घर आहे हे," प्रतिभा म्हणाली.

"हाय ना. लय भारी हाय. पन मी हितंच बरी. इतक्या वर्सांत उंबरा कधी वलांडला नाय, आता पायच उचलंना बघ."

ताट बाहेर नेऊन दिलं, ते तिने पायरीवर बसून जेवलं. पुढेही आली की तिथेच टेकायची. झोपाळा आत रिकामा हलत राहायचा. प्रतिभा कुणासमोर बोलली नाही, पण स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून यायची. हे पाहून खैरनारांना वाटे, की घर कागदावर आपलं झालं, पण अजून व्हायचं बाकी आहे.

मारुतीचंही तसंच झालं होतं. मोकळ्या जागेत ती उभी राही, पण मातीने चाकं माखत. शिवाय जमीन जरा दबल्यासारखी वाटे, एकदा तर मागचं चाक हातभर खाली गेलं. एका सकाळी प्रतिभाने विचारलं, "अहो, या गल्लीत रंगपंचमीची रहाड आहे म्हणतात. नक्की कुठेशी आहे हो? आई त्या दिवसांत कधी गावात यायचीच नाही." खैरनार मारुती पुसत होते. रहाड म्हणजे पेशवाईपासूनचा दगडी हौद असतो, वर्षभर तो जमिनीखाली बुजवलेला असतो आणि रंगपंचमीला उघडून त्यात रंगाचं पाणी भरतात, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्या दिवशी ते दार लावून घरात बसत, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलं मात्र नव्हतं. "ती तिकडे, पिंपळापाशी," ते फडका न थांबवता म्हणाले. पिंपळापाशी काय आहे, हे त्यांना अजूनही ठाऊक नाही.

पुढे ललितशेठच्या मुलीचं लग्न येवल्याला निघालं आणि झाडून सगळी गल्ली बस करून लग्नाला गेली. प्रतिभा आणि सायलीही गेल्या. खैरनार तेवढे राहिले, कारण गवंड्याला नेमका तोच दिवस मोकळा होता. आल्यावर सगळ्यांनी बघत राहावं असं एक काम त्यांना उरकायचं होतं.

गवंड्याने माती सारखी करताना पहार आपटून पाहिली. "साहेब, खाली पोकळ वाजतंय."

"जुनी वस्ती आहे," खैरनार म्हणाले. "पोकळ वाजायचंच."

सळया बांधल्या, काँक्रीट पडलं, वर रेघा ओढून फरशीसारखी नक्षी काढली. हाताखालच्या माणसांना खैरनारांनी स्वतः चहा करून पाजला. खात्यात इतकी वर्षं निकृष्ट कामांच्या फाइली हाताळल्या होत्या, म्हणून इथे त्यांनी उभं राहून सिमेंट मोजून घेतलं. त्यांच्या आयुष्यातलं ते एकमेव काम, ज्यात कुणी काही खाल्लं नाही.

गल्ली परत आली आणि त्या काँक्रीटपुढे थबकली. खैरनार दारात उभे होते. दातार वकिलांनी काठीने ठोकून पाहिलं. मग ललितशेठनी हात जोडले.

"इंजिनिअरसाहेब, मानलं तुम्हाला. आमच्या वडिलांपासून हे काम पक्कं करायचं चाललं होतं. कुणाला जमलं नाही."

खैरनारांनी नम्रपणे मान डोलावली. अक्काबाईंनी प्रतिभाला पेढे दिले. पलीकडच्या तालमीतले सोमा वस्ताद मुद्दाम येऊन हात मिळवून गेले. एका पार्किंगचं गल्लीला इतकं कौतुक का, असा विचार खैरनारांच्या मनात आला, पण कौतुक चाललेलं असताना माणूस फार विचार करत नाही. आठवडाभर ते गल्लीतून जरा रुंद चालत होते.

होळी झाली, धुळवड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी खैरनार मारुती पुसत असताना सोमा वस्ताद दहा-बारा गडी घेऊन आले. खांद्यावर दोर, हातात पहारी आणि घमेली. वस्ताद अंगाने दारात मावणार नाहीत असे, पण बोलायला मऊ.

"साहेब, गाडी जरा बाजूला घेता? आणि तेवढं झाकण कुठून उघडतं, ते दाखवा."

"कसलं झाकण?"

"रहाडीचं. तुम्ही नवीन बसवलं ना, सिमेंटचं?"

खैरनारांच्या हातातला फडका खाली पडला. समोर दातार वकील कट्ट्यावर येऊन बसलेले, ललितशेठ हळदीकुंकवाची तबकडी घेऊन उभे, अक्काबाई आणि दारादारातून बायका. सगळे कौतुकाने त्यांच्याकडे बघत होते. आता काहीतरी कळ दाबली जाईल आणि काँक्रीट आपोआप सरकेल, अशी गल्लीची अपेक्षा होती. घरातून प्रतिभा बाहेर आली. तिने एकदा काँक्रीटकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली. खैरनारांची मान सवयीने डोलायला निघाली. पण प्रतिभाचा चेहरा दिसला आणि ती मधेच थांबली.

"झाकण नाही," ते म्हणाले. "मी गाडीसाठी नुसतं काँक्रीट टाकलं. खाली रहाड आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मी इंजिनिअरही नाही, क्लार्क आहे. ललितशेठ, तुम्ही विचारलंत तेव्हा उगाच मान हलवली."

पेशव्यांच्या वेळची रहाड होती ती, आणि बाहेरून आलेल्या माणसाने ती सळया घालून गाडली होती. आता हे आपल्याला शिव्या घालतील, वाळीत टाकतील, प्रतिभाला या पायरीवरही कुणी उभं करणार नाही, असं सगळं खैरनारांच्या डोळ्यांपुढून गेलं.

सोमा वस्तादांनी खाली बसून काँक्रीटवर तळहात फिरवला. "मग विचारायचं ना साहेब," ते म्हणाले. "आम्ही काय परके होतो?"

एवढंच. दातार वकील खाकरले आणि म्हणाले, की चूक गल्लीचीही आहे, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. ललितशेठ म्हणाले, "गोठा लिहून दिला तेव्हाच रहाड सांगायला हवी होती." यावर अक्काबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि मग सगळीच हसली. प्रतिभा सोडून. ती आत निघून गेली.

फोडण्याआधी परवानगी घ्यावी, हा सल्ला अर्थातच वकिलांचा. खैरनार तसेच दुसऱ्या एका कचेरीत धावले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून विचारलं, "जागा रस्त्याची असेल तर तुम्ही काँक्रीट टाकलंच कसं? आणि तुमची असेल तर आमच्याकडे आलात कशाला? कुणाची आहे जागा?"

एरवी खैरनार इथे डोलले असते आणि दोन्हीकडून अडकले असते. पण सकाळी एकदा जीभ मोकळी झाली होती. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. "छान. मग आम्हालाही ठाऊक नाही," ते म्हणाले आणि अर्ज परत दिला. एका वाक्यात इतकी कामं होतात, हे आधी कळलं असतं तर खैरनारांची निम्मी नोकरी सोपी गेली असती.

काँक्रीट फुटता फुटेना. इतकं प्रामाणिक काम नाशकात बऱ्याच वर्षांत झालं नसावं. तालमीचे गडी घणाचे घाव घालून घामाघूम झाले. ललितशेठनी सफारी काढून ठेवली आणि बनियनवर घण उचलला. त्यांच्या साखळीला दोन पोरांनी मागून धरून ठेवलं. दातार वकिलांनी काठी बाजूला ठेवून मानाचे दोन घाव घातले आणि मग कट्ट्यावर बसून कुठे मारायचं ते दाखवलं. खैरनारांच्या तळहातांना फोड आले. त्यांना कुणी काही बोलत नव्हतं, उलट दर थोड्या वेळाने कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करत होतं. सटाण्याहून त्यांचे वडील पुंजाबाबा आले होते. ते बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "पोऱ्या," ते म्हणाले, "काम ते पक्कं शे." त्यांच्या तोंडून निघालेली मुलाची ती पहिली स्तुती. खैरनारांनी घण आणखी जोराने मारला.

अखेर काँक्रीट गेलं, त्याखालची माती गेली, लाकडी ओंडके निघाले आणि खाली रहाड दिसली. काळ्या दगडाची, चौकोनी, दोन पुरुष खोल. ज्या चौकोनावर आपण मारुती लावत होतो त्याच्या खाली एवढी पोकळी होती, हे पाहून खैरनारांना खाली बसावं लागलं.

आणि मग उरलेलं कळलं. रहाडीचा मान ताट्यांच्या घराचा. जो त्या घरात राहतो, त्याने पूजा करायची आणि पहिली उडी त्याची. त्याने धप्पा मारल्याशिवाय दुसरं कुणी पाण्यात उतरत नाही. सुलाबाईंच्या प्रश्नाचा अर्थ आता त्यांना लागला. इंदूरहून फोन आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"काय मानकरी, तयारी कुठवर आली?" सुलाबाई म्हणाल्या.

खैरनार डोलले, पण फोनवर त्याचा उपयोग नव्हता. "सुलाबाई, मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "तेव्हा खोटं बोललो."

पलीकडे सुलाबाई हसल्या. "माझ्या सासऱ्यांनाही येत नव्हतं हो. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि गल्लीनेही त्यांना कळू दिलं नाही की आपल्याला माहीत आहे. सोमाचे वडील आधीपासून गुपचूप काठाला उभे राहायचे. तुम्ही निदान सांगितलंत. आता सोमाला सांगा."

रंगपंचमीला ताटे गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पेठ-सुरगाण्याकडून आलेली पळसाची फुलं मोठाल्या कढयांत उकळून रंग केला होता. रहाड केशरी पाण्याने काठोकाठ भरली होती. झेंडू आणि गुलाब मखमलाबादचे. बयाबाईने स्वतः पाटी आणली होती आणि नेहमीप्रमाणे पायरीवर बसून हार गुंफत होती. प्रतिभा नवऱ्याशेजारी पूजेला बसली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बेताचंच बोलत होती. नारळ वाढवताना ती हळूच म्हणाली, "राहू द्या हवं तर. मी सांगते सगळ्यांना, की तुम्हाला भीती वाटते."

"ठाऊक आहे सगळ्यांना," खैरनार म्हणाले. "म्हणूनच जमेल."

ते काठावर उभे राहिले. खाली केशरी पाणी, वर गल्लीभर गच्च्या आणि माणसं. भीती चेहऱ्यावर उघड दिसत होती आणि ती झाकायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. पाण्यात खांबासारखे सोमा वस्ताद वाट बघत होते. पहिला मान मोडू नये म्हणून ते कोपऱ्यातल्या पायरीला धरून गळ्यापर्यंत बुडून राहिले होते आणि गल्लीने एकमताने तिकडे न बघायचं ठरवलं होतं. "या साहेब," ते म्हणाले, "मी हाय." खैरनारांनी डोळे मिटले आणि उडी टाकली.

धप्पा असा बसला, की पाणी दातारांच्या कट्ट्यापर्यंत उडालं. गल्लीने आरोळी ठोकली. केशरी पाणी वर मिटलं आणि मानकरी दिसेनासे झाले. आता वस्ताद त्यांना काढणार, हे गल्लीला ठाऊक होतं. बयाबाईला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिने जावई पाण्यात गेलेला पाहिला, वर आलेला पाहिला नाही. तिच्या मांडीवरची फुलं उधळली. "अगं माय, माजा जावई," असं ओरडत ती उठली आणि रहाडीकडे धावली. तेवढ्यात वस्तादांच्या खांद्याला लटकून खैरनार वर आले. केशाग्रापासून नखापर्यंत केशरी, ठसकत, खोकत, दात वाजवत. ते पाहून बयाबाई तशीच वळली आणि धावत सुटली.

पायरी चढली, उंबरा ओलांडला, ओटी ओलांडली. झोपाळा आडवा आला, तो तिने हाताने बाजूला ढकलला. माजघरात गेली, जिना चढली, खाली आली, कपाटं धडाधडा उघडू लागली. प्रतिभा हातातलं पूजेचं ताट घेऊन दारात उभी राहिली. आत आईचा आवाज या खोलीतून त्या खोलीत फिरत होता आणि तो ऐकत ती सगळ्यांसमोर रडत होती, हसतही होती. अक्काबाईंनी तिच्या हातातून ताट काढून घेतलं.

"अगं प्रतिभा, टावेल कुठं ठेवता गं तुमी?" आतून बयाबाई ओरडली. "जावईबापू, तुमी तरी सांगा."

रहाडीच्या काठाला धरून मानकऱ्यांनी तोंडातलं केशरी पाणी थुंकलं. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. त्यांची मान जराही हलली नाही.

"मला ठाऊक नाही, आई," ते मोठ्या आनंदाने म्हणाले. "बसा झोपाळ्यावर आणि सावकाश आठवा, कुठलं कपाट राहिलंय. घर तुमचंच आहे."

थोड्या वेळाने झोपाळ्याच्या कड्या वाजल्याचा आवाज बाहेर आला.